शनिवारची लाँच, रविवारची शर्यत : रायगडच्या किनाऱ्यावरून मुंबई मॅरेथॉनची वाटचाल

रायगडचा किनारा आणि मुंबई यांच्यामध्ये पाणी आहे, अंतर फारसे नाही. हवा स्वच्छ असली की मांडव्याच्या धक्क्यावरून दक्षिण मुंबईच्या इमारती दिसतात. रस्त्याने जायचे म्हटले तर मात्र अलिबागहून पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल असा शंभर किलोमीटरच्या आसपासचा वळसा पडतो. त्यामुळे मुंबईला जाणे म्हणजे आधी भरती, वारा आणि लाँचची वेळ पाहणे, ही या किनाऱ्याची जुनी रीत आहे. गिरणीत, गोदीत, कचेरीत कामाला लागलेली माणसे याच पाण्यावरून गेली. मासळी, भाजी, नारळ आणि पांढरा कांदा याच पाण्यावरून गेला. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवसाची आठवण अलिबाग तालुक्यातल्या कितीतरी घरांत अजून निघते. नोकरी, बाजार, इस्पितळ, कोर्ट अशी मुंबईला जाण्याची कारणे ठरलेली होती. पळण्यासाठी मुंबईला जायचे, हे कारण त्यांत २००४ नंतर आले.

महाराष्ट्राला मॅरेथॉन त्याआधीही ठाऊक होती. पुण्यात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होत आली होती. पण मुंबईसारख्या शहराचे मुख्य रस्ते रविवारी सकाळी रिकामे करून सामान्य नागरिकाला त्यावर पळू द्यायचे, ही कल्पना त्या काळी अनेकांना धाडसाची वाटत होती. अनिल सिंग आणि विवेक सिंग या बंधूंच्या ‘प्रोकॅम इंटरनॅशनल’ या संस्थेने ती उचलली. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला क्रीडास्पर्धा भरवण्याचा अनुभव होता, मात्र रस्त्यावरची एवढी मोठी शर्यत ही वेगळी गोष्ट होती. मार्गाची आखणी आणि मोजणी यासाठी १९८२ च्या लंडन मॅरेथॉनचे विजेते ह्यू जोन्स यांचे साहाय्य लाभले. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेने प्रायोजकत्व स्वीकारले. १५ फेब्रुवारी २००४ रोजी, रविवारी, पहिली मुंबई मॅरेथॉन धावली गेली. दक्षिण आफ्रिकेचा हेन्ड्रिक रमाला पुरुषांत पहिला आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने न्यूयॉर्कची मॅरेथॉनही जिंकली. ज्या स्थानकाच्या परिसराशी ही शर्यत पुढे कायमची जोडली गेली, ते छत्रपती शिवाजी टर्मिनस शर्यतीनंतर काही महिन्यांतच, जुलै २००४ मध्ये, जागतिक वारसा यादीत गेले.

प्रारंभापासून शर्यतीची रचना दुहेरी राहिली. एकीकडे ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन. दुसरीकडे वेळेचा हिशेब नसलेली ‘ड्रीम रन’, ज्येष्ठ नागरिकांची दौड आणि दिव्यांगांची दौड. टीकाकारांनी ड्रीम रनला जत्रा म्हटले. ते खोटे नव्हते, पण जत्रेला माणसे येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात, हे आयोजकांनी बरोबर ओळखले होते. ड्रीम रनमध्ये घोषणाफलक घेऊन चालणाऱ्यांपैकी बरेचजण काही वर्षांनी अर्धमॅरेथॉनच्या रांगेत दिसू लागले.

किनाऱ्यावर या शर्यतीची बातमी वर्तमानपत्रातून आणि मुंबईतल्या नातेवाइकांकडून पोचली. रायगडचा खेळ म्हणजे कबड्डी. पळणे हा खेळ नव्हता, ती तयारी होती. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. त्यासाठी ओहोटीच्या वेळी, पाणी मागे गेल्यावर उघडी पडणारी घट्ट ओली वाळू हे किनाऱ्यावरचे सर्वांत स्वस्त मैदान. वरसोली, नागाव, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पुळणींवर भरतीची तयारी करणारी मुले पहाटे पळताना दिसतात, ती आजची गोष्ट नाही. घड्याळापेक्षा ओहोटीचे वेळापत्रक पाहून सराव करणारे हे धावपटू. अष्टमीला आणि अमावास्येला पुळण केव्हा उघडी पडेल, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यांच्यासाठी एकवीस किलोमीटर हे अंतर प्रथम अनाकलनीयच होते. भरती झाली नाही, वय उलटले, पण पळण्याची सवय सुटली नाही, अशांनी पहिल्यांदा मुंबईचा अर्ज भरला असेल तर त्यात नवल नाही. त्यांच्यामागोमाग शाळांचे क्रीडाशिक्षक आले, बँकांतले कर्मचारी आले, डॉक्टर आले आणि मग साठी ओलांडलेलेही आले.

किनाऱ्यावरच्या धावपटूची खरी अडचण अंतराची नव्हती, वेळेची होती. २००५ पासून शर्यत जानेवारीत आली आणि पुढे जानेवारीतला तिसरा रविवार हा तिचा ठरलेला दिवस झाला. हौशी धावपटूंची पूर्ण मॅरेथॉन अलीकडच्या वर्षांत पहाटे पाचच्या सुमारास सुटते. त्या वेळेला मांडव्याहून कोणतीच प्रवासी बोट नसते. शिवाय छातीवर लावायचा क्रमांक, म्हणजे बिब, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. तो आधीच्या दिवसांत प्रदर्शनाच्या जागी जाऊन घ्यावा लागतो. म्हणून मुंबईकरासाठी जी रविवार सकाळ आहे, ती अलिबागकरासाठी पूर्ण दोन दिवसांची मोहीम ठरते. शनिवारी सकाळी मांडवा, तासाभरात गेट वे, मग बिब, मग मुक्काम.

या मुक्कामाचा इतिहासही नोंदवण्याजोगा आहे. हॉटेलची खोली घेणारे सुरुवातीला फार थोडे. गिरगाव, लालबाग, परळ, माझगाव इथल्या चाळींत किनाऱ्यावरच्या जवळपास प्रत्येक गावाचे कोणी ना कोणी राहत आले आहे, आणि शनिवारचा मुक्काम तिथेच पडे. अडचण एवढीच की गावाकडचा पाहुणा आला म्हणजे घरात मासे येतात. दुसऱ्या दिवशी बेचाळीस किलोमीटर पळायचे आहे, तेव्हा आज भात, वरण आणि बटाटा यापलीकडे काही नको, हे मावशीला आणि आत्याला पटवणे हा शर्यतीपूर्वीचा पहिला चढ. सुदैवाने आदल्या रात्री पोटभर भात खा, हा प्रशिक्षकांचा सल्ला आगरी-कोळी घरांत कोणाला नवा वाटण्याचे कारण नव्हते. जानेवारीत गावाकडे शेतात पोपटी लागलेली असते. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा तो मोसम. अनेकांनी त्या शनिवारची पोपटी शर्यतीपायी सोडली आहे, आणि किनाऱ्यावर हा त्याग लहान मानला जात नाही.

बिब वाटपाचे प्रदर्शन काही वर्षे कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये भरत असे. गेट वेला उतरणाऱ्याला ते सोयीचे होते. टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत काम होई. पुढे गर्दी वाढली आणि प्रदर्शन वांद्रे-कुर्ला संकुलात गेले. शहराच्या दृष्टीने ते मध्यावर आले, पण समुद्राकडून येणाऱ्याला मात्र दूर पडले. गेट वेहून बस किंवा टॅक्सीने स्थानक, लोकलने वांद्रे किंवा कुर्ला, तिथून पुन्हा रिक्षा, रांग, आणि तसेच परत. शर्यतीच्या आदल्या दिवशी पायांना विश्रांती द्यावी, असे प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते. किनाऱ्याच्या धावपटूंना तो नियम पाळणे बरीच वर्षे जमले नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि हल्लेखोर समुद्रमार्गे आल्याने संशयाची नजर पाण्याकडे वळली. रायगडच्या किनाऱ्यावर बंदोबस्त वाढला, मच्छीमारांच्या होड्यांची तपासणी आणि नोंदणी कडक झाली, धक्क्यांवर सामान उघडून दाखवावे लागू लागले. अवघ्या दोन महिन्यांनी, १८ जानेवारी २००९ रोजी, मॅरेथॉन ठरल्याप्रमाणे झाली. ज्या टर्मिनसच्या फलाटांवर गोळीबार झाला होता, त्याच्याच समोरून हजारो नागरिक पळत गेले. युगांडाचा केनेथ मुगारा जिंकला, पण त्या वर्षीचे महत्त्व विजेत्याच्या नावात नव्हते. शर्यत पुढे ढकलावी, असे म्हणायला पुरेशी कारणे असतानाही ती झाली, आणि त्यानंतर तिच्या अस्तित्वाबद्दल कोणी प्रश्न विचारला नाही.

पुढच्या वर्षी मार्गाला नवे वळण मिळाले. २००९ च्या मध्यावर वांद्रे-वरळी सागरी सेतू वाहतुकीला खुला झाला आणि जानेवारी २०१० मध्ये मॅरेथॉन त्यावरून गेली. या सेतूवर पायी जाण्यास एरवी मनाई आहे. पूर्ण मॅरेथॉनचा धावपटू टर्मिनसहून निघतो, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजीअली, वरळी करत सेतूवर चढतो, वांद्र्याला वळून माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी असा परततो आणि पुन्हा पेडर रोडला येतो. जाताना पेडर रोडचा चढ फारसा जाणवत नाही. परतताना, पस्तीस किलोमीटर मागे टाकल्यावर, तोच रस्ता भल्याभल्यांना चालायला लावतो. तोवर ऊन वर आलेले असते. मुंबईत जानेवारीची पहाट सुखद असली तरी हवेत ओल असते, घाम वाळत नाही आणि शरीर थंड होण्याची वाट बंद होते. पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या, थंड पठारांवर घडलेले धावपटू इथे आपल्या सर्वोत्तम वेळेपासून दूर राहतात ते यामुळेच. त्या मानाने नागाव-रेवदंड्याच्या खाऱ्या हवेत सराव केलेल्याला ही ओल परकी नसते. सेतूवर समोरून येणारा वाराही परका नसतो.

शर्यतीने देशी धावपटूंना जे दिले, त्याची नोंद वेगळी करावी लागेल. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर हिने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. ती पुढे स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. २०१२ मध्ये रामसिंग यादव याने लंडन ऑलिंपिकची पात्रता याच रस्त्यांवर मिळवली. २०१५ मध्ये ओ. पी. जैशा हिने २ तास ३७ मिनिटे २९ सेकंद अशी वेळ देऊन बराच काळ टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि तिच्यामागे ललिता बाबर व सुधा सिंग होत्या. २०१७ मध्ये परभणीची ज्योती गवते भारतीय महिलांत पहिली आली. माणदेश आणि मराठवाडा या दुष्काळी मुलखांतल्या मुली मुंबईच्या समुद्राकाठी जिंकत होत्या. समुद्राकाठच्या जिल्ह्यांतून असे नाव अजून पुढे यायचे आहे, हेही इथे नोंदवलेले बरे. रायगडने या शर्यतीला विजेते दिले नाहीत. जे दिले ते न चुकता येणारे हौशी धावपटू, आणि कोणतीही मोठी शर्यत उभी राहते ती त्यांच्यावरच.

या काळात जमिनीवरचा रस्ता मात्र सुधारण्याऐवजी बिघडला. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि ते काम वर्षानुवर्षे रखडले. खड्डे, वळणमार्ग, धूळ आणि वडखळची कोंडी यांनी कोकणातल्या माणसाची एक पिढी पिडली. अलिबागकराला निदान लाँच होती. मुरूडकराला आधी साळावचा पूल ओलांडून अलिबाग गाठावे लागे. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर इथून निघणाऱ्याला माणगावमार्गे त्याच महामार्गावर यावे लागे, आणि एसटीतले पाच-सहा तास कधी सात-आठ होतील याचा नेम नसे. श्रीवर्धनचा धावपटू म्हणून शुक्रवारीच निघे.

२०१८ मध्ये प्रायोजक बदलून शर्यत ‘टाटा मुंबई मॅरेथॉन’ झाली. तोवर तिला जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचा ‘गोल्ड लेबल’ दर्जा मिळालेला होता. पळणाऱ्यांनी आपापल्या संस्थांसाठी निधी गोळा करण्याची प्रथाही पक्की झाली होती. आरंभीची काही वर्षे कन्सर्न इंडिया फाउंडेशनने आणि नंतर युनायटेड वे मुंबईने तिचे काम पाहिले, आणि २०२४ च्या एका पर्वातच ७० कोटी रुपयांहून अधिक निधी उभा राहिला. १९ जानेवारी २०२० रोजी इथिओपियाच्या डेरारा हुरिसाने २ तास ८ मिनिटे ९ सेकंदांत मार्गाचा विक्रम केला, तोही उसन्या बुटांवर, कारण त्याचे स्वतःचे बूट प्रवासात हरवले होते. हौशी धावपटूंना महिनाभर आधी बुटांची सवय करून घ्या असे बजावणाऱ्या प्रशिक्षकांची त्या दिवशी पंचाईत झाली असणार.

त्यानंतरचे महिने किनारा विसरणार नाही. १४ मार्च २०२० रोजी गेट वेहून निघालेली एक प्रवासी बोट मांडव्याजवळ बुडू लागली. मांडव्याच्या पोलिसांची गस्तीनौका वेळीच पोचली आणि सर्व ८८ जण वाचले. दुसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली. ग्रीसमध्ये बांधलेले, पाचशे प्रवासी आणि त्यांच्या गाड्या घेऊन जाणारे जहाज किनाऱ्याने पहिल्यांदा पाहिले. टाळेबंदीने ते लगेच थांबले आणि ऑगस्टमध्ये गणपतीच्या तोंडावर पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात, ३ जून रोजी, ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग इथल्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे झाड उत्पन्नाला यायला वर्षे लागतात. घरावरचे पत्रे महिन्यात येतात, वाडी येत नाही. त्या वर्षी पळण्याचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता, आणि पळायला शर्यतही नव्हती. २०२१ आणि २०२२ ही दोन्ही वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर मॅरेथॉन झाली नाही.

१५ जानेवारी २०२३ रोजी ती परतली. हायले लेमीने २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांचा नवा विक्रम केला आणि महिलांत अंचलेम हायमानोत हिने २ तास २४ मिनिटे १५ सेकंदांत जुना विक्रम मागे टाकला. खंडानंतर परतलेल्या शर्यतीतच दोन्ही विक्रम मोडले गेले, हे विशेष. किनाऱ्यावरून येणाऱ्यांसाठी फरक होता तो रो-रोचा. आता चार-पाच जणांनी मिळून आपली गाडी जहाजात घालून नेणे शक्य झाले. पावसाळ्यात गेट वे-मांडवा लाँच बंद असतात, तेव्हाही हे जहाज बहुधा चालू राहते. शर्यतीची नावनोंदणी ऑगस्टच्या सुमारास होते. म्हणजे समुद्र खवळलेला आणि लाँच बंद असताना अर्ज भरायचा, आणि समुद्र शांत झाल्यावर जानेवारीत जायचे, हा इथला क्रम.

वाहतुकीच्या दृष्टीने सर्वांत मोठी तारीख १२ जानेवारी २०२४. त्या दिवशी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि खारकोपरपर्यंत थांबलेली लोकल उरणपर्यंत गेली. नऊ दिवसांनी, २१ जानेवारीला, मॅरेथॉन होती. एकूण २१.८ किलोमीटर लांबीचा, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावरचा हा पूल उरण तालुक्यात चिर्ले इथे उतरतो. त्यामुळे रायगडच्या किनाऱ्यावरचा धावपटू मध्यरात्रीनंतर गाडीने निघून शर्यतीच्या वेळेआधी दक्षिण मुंबईत पोचू शकला. अर्थात गाडी चारचाकी हवी. सेतूवर दुचाकीला परवानगी नाही आणि मोटारीला एका वेळचा टोल अडीचशे रुपये आहे. पहाटे पुळणीवर सराव करणाऱ्या मुलांकडे मोटारसायकल असते, मोटार नसते. त्यांच्यासाठी पनवेल गाठणे हाच मार्ग राहिला. मध्य रेल्वे मॅरेथॉनच्या पहाटे पनवेलहून तीनच्या सुमारास विशेष लोकल सोडते आणि ती साडेचारच्या सुमारास टर्मिनसला पोचते. त्या गाडीत कोणी झोपलेला नसतो. कोणी चार सेफ्टी पिना घेऊन बिब सरळ करत असतो, कोणी बुटांच्या नाड्या पुन्हा बांधत असतो, कोणी केळे अर्धे खाऊन अर्धे शेजाऱ्याला देत असतो.

त्याच वर्षी १८ फेब्रुवारी रोजी अटल सेतूवरच मॅरेथॉन झाली. एल अँड टी कंपनीने एमएमआरडीएच्या सहकार्याने ती भरवली आणि त्यासाठी सेतू आदल्या रात्रीपासून वाहतुकीला बंद ठेवण्यात आला. वीस वर्षे रायगडची माणसे पळण्यासाठी मुंबईला जात होती. त्या दिवशी मुंबईचे धावपटू शिवडीहून रायगडच्या दिशेने पळत आले. मुंबई मॅरेथॉनचा हा उपक्रम नव्हे. तरी तिने रुजवलेल्या सवयीशिवाय नव्या पुलावर दुसऱ्याच महिन्यात शर्यत भरवण्याचे कोणाला सुचले असते, असे वाटत नाही.

अडचणी संपल्या नव्हत्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वेहून घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि पंधरा जणांचा मृत्यू झाला. लाँचमधल्या प्रत्येकाने लाईफ जॅकेट घालावे, यावर त्यानंतर कटाक्ष आला. महिन्याभराने, १९ जानेवारी २०२५ ची विसावी मॅरेथॉन गाठण्यासाठी निघालेले किनाऱ्यावरचे धावपटू भगव्या जॅकेटांत बसून गेले. हिवाळ्यात लाँचमागे उडणाऱ्या कुरव पक्ष्यांना वेफर टाकणारे पर्यटक नेहमीप्रमाणे होते. जॅकेटचा पट्टा घट्ट ओढून बसणारे मात्र त्या शनिवारी जास्त असणार. ‘रामदास’ ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांना हे सांगावे लागत नाही.

या वाटचालीत ज्यांचे हात लागले ते मोजता येण्यासारखे नाहीत. रात्रभर रस्त्यांवर अडथळे लावणारे वाहतूक पोलीस, शर्यत संपताच पाण्याच्या बाटल्यांचा खच उचलणारे पालिकेचे सफाई कामगार, वाटेवर उभे राहणारे डॉक्टर आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी, पाणी धरून उभे राहणारे स्वयंसेवक यांच्याविना साठ हजारांच्या घरातली नोंदणी पेलणे शक्य नव्हते. शिवाजी पार्क आणि पेडर रोडच्या रहिवाशांनी तर स्वतःहून जबाबदारी घेतली. संत्र्याच्या फोडी, गुळाची चिक्की, मीठ लावलेली काकडी घेऊन ते पदपथावर असतात, आणि बिबवरचे नाव वाचून अनोळखी माणसाला नावाने हाक मारतात. पाण्यापलीकडच्या हातांची नावे कोणत्याही स्मरणिकेत येत नाहीत, ती इथे कामाने तरी नोंदवली पाहिजेत: लाँचचे सारंग आणि खलाशी, मांडवा ते अलिबाग बसचे चालक, पहाटेच्या लोकलचे मोटरमन आणि गार्ड, आणि शनिवारी मासे न करता भात टाकणाऱ्या गिरगाव-लालबागच्या गृहिणी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. गेट वेहून चालत हुतात्मा चौक स्थानक गाठायचे आणि एकाच गाडीने वांद्रे-कुर्ला संकुलात उतरायचे, एवढे बिब आणण्याचे काम सोपे झाले. शनिवारची दुपारभराची यातायात त्यामुळे मिटली. १८ जानेवारी २०२६ च्या एकविसाव्या पर्वाला येणाऱ्या अलिबागकरांना याचा पहिल्यांदा उपयोग झाला.

आज किनाऱ्यावरच्या धावपटूपुढे लाँच, रो-रो, अटल सेतू आणि पनवेलची विशेष लोकल असे पर्याय आहेत. २००४ मध्ये यांपैकी लाँच तेवढी होती. उरणच्या पहिल्या लोकलने सकाळी उशिरा सुटणारी ड्रीम रन गाठता येते, मॅरेथॉन नाही. अलिबागला प्रवासी रेल्वे अजून आलेली नाही. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आहेत, पण त्यांवरून मालगाड्याच जातात. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून चर्चेत असलेला रेवस-करंजा पूल झाला, तर अलिबाग थेट उरणला आणि तिथून अटल सेतूला जोडले जाईल, आणि वडखळचा वळसा सुटेल. मुरूड आणि श्रीवर्धनच्या मुलांची वाट त्यानेही तासा-दोन तासांनीच कमी होणार आहे. ती मुले पुढच्या जानेवारीतही शर्यतीच्या आधी मुक्कामाला निघतील, आणि बिब घ्यायच्या रांगेत त्यांच्या पाठीवरच्या पिशव्या मुंबईकरांपेक्षा मोठ्या असतील.